तळ दिसला पाहिजे

हर्णै बंदरात मच्छीमार सोसायटीचे डिझेल आणि बर्फाचे हिशेब लिहिण्यात माझी तीस वर्षं गेली. नौकाबांधणीचं शिक्षण मी घेतलेलं नाही. शाळाच अकरावीला सुटली. पुढे जे काही शिकलो ते मेस्त्र्यांच्या शेजारी उकिडवं बसून, आणि रात्री शब्दकोश मांडीवर घेऊन इंग्रजी पुस्तकं वाचत. या लेखाचा विषय आहे मासेमारी बोटीच्या तळात साचणारं पाणी. दिवाळी अंकात फराळाच्या ताटाशेजारी बसून वाचायला तो जरा कुबट आहे, हे मला ठाऊक आहे. पण या पाण्यापायी माझ्या डोळ्यांदेखत एक पोरगा जाता जाता वाचला. तेव्हापासून हा विषय माझ्या मानगुटीवर बसला आहे.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या मामांची बोट सहा दिवसांची फेरी करून आली होती. मासळी उतरवून झाली, पण इंजिनात बिघाड निघाला आणि बोट तीन दिवस नांगरावरच राहिली. माशांच्या खणाचं झाकण बंद होतं. बर्फाच्या हिशेबावर मामांची सही घ्यायला मी छोट्या होडीतून बोटीवर गेलो, तेव्हा एक तरुण खलाशी पंपाची जाळी साफ करायला खणात उतरत होता. शिडीच्या शेवटच्या पायरीपर्यंत त्याचा आवाज येत होता. मग आवाज थांबला. वाकून पाहिलं तर तो झाकणाच्या अगदी खाली कोसळलेला. त्याचा सोबती उडी घेणार, इतक्यात तांडेलांनी त्याच्या सदऱ्याची कॉलर धरून त्याला मागे खेचलं. ओरडले, "कोण उतरू नका! पुढलं झाकण पण उघडा!" मग वरूनच लांब आकडी घालून त्यांनी त्या पोराच्या कमरेचा पट्टा अडकवला आणि चौघांनी त्याला वर ओढून घेतलं. वाऱ्यावर आणल्यावर त्यानं श्वास घेतला. पुढे तो इस्पितळातून बरा होऊन आला.

कुजणारी मासळी आणि तिचं पाणी बंद जागेत राहिलं की हवेतला प्राणवायू कमी होतो आणि हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होतो. थोड्या प्रमाणात असताना त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच तो मारून टाकतो. 'आता वास येत नाही, म्हणजे उतरायला हरकत नाही' असं म्हणणारा माणूस म्हणूनच फसतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसून राहतो. खणात उतरून खलाशी गुदमरल्याच्या बातम्या आपल्या किनाऱ्यावर अधूनमधून येतात. अनेकदा त्यांत मेलेला दुसरा माणूस हा पहिल्याला काढायला उतरलेला असतो.

त्या संध्याकाळी मामांना मी एकच प्रश्न विचारला. "मामा, तो पोरगा खाली उतरलाच कशाला?"

"जाळी तुंबली होती रे. वरून हात पोचत नाय."

हा लेख म्हणजे त्या उत्तराचा पाठपुरावा आहे. जाळी का तुंबली, आणि हात का पोचत नव्हता?

पाणी येतं कुठून?

होडीत पाणी असणं हा दोष नव्हे. लाकडी होडी थोडी पाझरतेच. प्रश्न असतो तो किती पाणी येतं, कुठून येतं आणि कुठे जातं याचा. मामांच्या बोटीसारख्या लाकडी ट्रॉलरमध्ये पाणी चार वाटांनी येतं.

पहिली वाट फळ्यांच्या सांध्यांची. सांधे कापूस आणि लांबी भरून बंद केलेले असतात. लाटांत होडी पिळवटते तसे ते थोडे उघडतात, थोडे मिटतात.

दुसरी वाट पंख्याच्या शाफ्टची. इंजिनाकडून पंख्याकडे जाणारा दांडा होडीच्या अंगातून पाण्यात उतरतो, तिथे त्याच्याभोवती ग्रीस लावलेल्या दोरीचं पॅकिंग आवळून बसवतात. ते फार आवळलं तर दांडा तापतो आणि झिजतो. म्हणून दांडा फिरत असताना तिथून थेंब थेंब पाणी आलंच पाहिजे, असा नियम आहे. सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाला सुमारे चार लिटर होतात. त्याच जागी धार लागली की तो हिशेब राहत नाही.

तिसरी वाट बर्फाची. ही बाहेरून येत नाही, आपणच भरून नेतो. एक टन बर्फ वितळला की एक हजार लिटर पाणी होतं. आपल्या हवेत मासळीच्या वजनाइतका तरी बर्फ घ्यावा, असा ठोकताळा आहे. सहा दिवसांच्या फेरीत खणात किती पाणी उतरतं ते त्यावरून कळेल. त्यात माशांचं रक्त, चिकटा आणि खवले मिसळलेले असतात.

चौथी वाट वरची. लाटेचे तुषार, पाऊस, मासळी धुतलेलं पाणी, सगळं झाकणांच्या फटींतून खाली जातं.

या चार वाटांव्यतिरिक्त पाचवी असते ती अपघाताची. तिचं गणित मी वहीत मांडून पाहिलं. पाण्याच्या पातळीखाली एक मीटरवर एक इंचाचं भोक पडलं, तर मिनिटाला सुमारे ७५ लिटर पाणी आत येतं. म्हणजे तासाला साडेचार टनांच्या आसपास. इंजिन थंड ठेवायला पाणी खेचणारा एखादा रबरी नळ निसटला, तरी एवढं भोक सहज होतं.

पूर्वी तळ उघडा होता

शिडाच्या होडीचा तळ खलाशाच्या नजरेसमोर असे. होडी बहुतेक उघडी. खाली पाणी चढलं की पायाला लागे, मग कुणीतरी डबा घेऊन उपसायला बसे. उपसणं हे कंटाळवाणं काम, बहुधा सगळ्यांत धाकट्याच्या वाट्याला येणारं. पण त्या कामात एक पाहणी आपोआप होऊन जाई. काल दहा डबे निघाले, आज वीस निघाले, हे त्या धाकट्यालाही कळे. पाणी खारट की गोडं, त्यावर तेलाचा तवंग आहे की नाही, तेही हाताला आणि जिभेला कळे.

विसाव्या शतकाच्या मध्यावर चित्र पालटलं. केरळात १९५० च्या दशकात भारत-नॉर्वे प्रकल्प सुरू झाला आणि नव्या आराखड्यांच्या यांत्रिक बोटी आल्या. आपल्याकडे सातपाटीसारख्या ठिकाणच्या देशी होड्यांनाच इंजिनं बसवली गेली. इंजिन आलं तशी त्यावर केबिन आली आणि पाय ठेवायला फळ्यांची जमीन आली. फेऱ्या लांबल्या तसा बर्फ आला. बर्फ टिकवायला थर्माकोल आला, थर्माकोल झाकायला फायबरचा थर आला. यातली प्रत्येक गोष्ट गरजेची होती आणि तिनं मच्छीमाराचं भलंच केलं. पण प्रत्येक गोष्टीनं तळावर आणखी एक आवरण चढवलं. शेवटी तळ दिसेनासा झाला आणि त्याच्यावर नजर ठेवण्याचं काम पंपावर सोपवण्यात आलं. पंप पाणी उपसतो, पण काल दहा डबे आणि आज वीस, हे तो कुणाला सांगत नाही.

बरगड्यांचे बांध

होडीचा तळ म्हणजे एक सलग पन्हळ, अशी आपली कल्पना असते. प्रत्यक्षात मधोमध पठाण, म्हणजे होडीचा कणा असतो. त्यावर एकेका हाताच्या अंतरानं आडव्या बरगड्या बसवलेल्या असतात. प्रत्येक बरगडीचा पाय हा तळातला एक छोटा बांध असतो. भाताच्या खाचरांची उतरंड डोळ्यांसमोर आणा. वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात यायचं तर बांधाला तोंड हवं. होडीच्या बरगडीलाही पठाणालगत, अगदी खालच्या कडेला, असं तोंड ठेवलेलं असतं. त्यातून पाणी वाहत वाहत सगळ्यात खोल जागी, बहुधा मागे इंजिनाजवळ, येतं. तिथे पंप बसवलेला असतो.

ही तोंडं तुंबली तर? मागे पंप व्यवस्थित चालतो, त्याच्याजवळची जागा कोरडी दिसते आणि पुढे दहा खाचरांत पाणी तसंच उभं राहतं. तांडेलाला वाटतं, बोट कोरडी आहे. मग बोट लाटेवर पुढे कलते, किंवा जाळं ओढताना भार बदलतो, आणि साचलेलं पाणी गाळासकट एकदम मागे येतं. पंपाची जाळी तुंबते ती याच वेळी, म्हणजे तिची गरज सर्वांत जास्त असताना.

यावरचा उपाय जगभरच्या लाकडी जहाजांवर शेकडो वर्षं होता आणि तो फुकटात पडणारा आहे. सगळ्या तोंडांतून एक लांब दोरी किंवा साखळी ओवून ठेवायची. आठवड्यातून एकदा एका टोकानं ओढायची, मग दुसऱ्या टोकानं. सगळी तोंडं मोकळी होतात. शिवाय त्या काळी पठाणालगतच्या फळ्या खिळे न मारता नुसत्या बसवलेल्या असत, म्हणजे त्या उचलून गाळ काढता येई. इंग्रजी आरमाराची लाकडी जहाजं या रीतीनं बांधली जात. त्यांतली काही आपल्या मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातल्या कारागिरांनी सागवानात बांधली. १८१७ साली तिथे पाण्यात सोडलेलं 'त्रिंकोमाली' हे जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे आजही तरंगतं आहे. तेव्हा तळ उचलून पाहता यावा, ही काही परकी किंवा नवी कल्पना नाही. आपल्या कारागिरांच्या हातांखालून ती गेलेली आहे.

चिनी जहाजाचं भोक

मग सगळीकडे भोकं पाडली की काम झालं का? नाही. इथे या विषयातली खरी अडचण सुरू होते.

मामांच्या बोटीत माशांचा खण आणि इंजिनाची खोली यांच्यामध्ये एक आडवी भिंत आहे. कुणीतरी तिला खालून भोक पाडून खणातलं पाणी इंजिनाच्या खोलीत सोडलं होतं, म्हणजे एकाच पंपात काम भागावं. दिसायला सोयीचं. पण त्यामुळे माशांचा चिकटा इंजिनाच्या तेलात मिसळला आणि त्याचा जो लगदा झाला त्यानं जाळी तुंबली. त्याहून वाईट म्हणजे, उद्या शाफ्टच्या जागी धार लागली असती तर तेच पाणी त्याच भोकातून खणातही भरलं असतं. भिंत असून नसल्यासारखी.

या पेचावर चिनी कारागिरांनी फार पूर्वी विचार केला होता. चीनच्या किनाऱ्यावर च्वानचौ इथे १९७४ साली तेराव्या शतकातलं एक जहाज उकरून काढण्यात आलं. त्यात बारा आडव्या भिंती आणि तेरा खण होते. भिंतींना अगदी तळाशी पाणी वाहून जाण्यापुरती लहान भोकं ठेवलेली आहेत. रोजचं पाझरणारं पाणी त्यातून वाहतं ठेवायचं आणि प्रसंग आला की भोक बुजवून तो खण वेगळा काढायचा, अशी ती सोय. त्याच शतकातल्या मार्को पोलोनंही अशा जहाजांचं वर्णन केलं आहे. देवमाशाच्या धडकेनं भोक पडलं तर आत आलेलं पाणी मोकळ्या ठेवलेल्या तळाकडे वाहतं, ते खलाशांना दिसतं, मग त्या खणातला माल हलवून ते भोक बुजवतात, असं तो सांगतो. तळ मोकळा ठेवलेला होता, ही गोष्ट मला यात सर्वांत महत्त्वाची वाटते.

आजच्या बोटीत हेच करायचं तर भिंतीच्या भोकाला डेकवरून उघडता-मिटता येणारा व्हॉल्व्ह बसवतात. त्याहून साधा मार्ग म्हणजे भोक कायमचं बंद करायचं आणि खणाला स्वतःचा वेगळा खड्डा व स्वतःचा पंप द्यायचा. आम्ही दुसरा मार्ग घेतला.

पाणी कुठवर चढू द्यायचं?

"थोडं पाणी राहिलं तर बिघडलं काय?" असं नाखवे विचारतात. त्यांचं अर्धं बरोबर आहे. होडीचा तळ खाली अरुंद असतो. त्या चिंचोळ्या जागेतलं पाणी इकडून तिकडे फारसं हलत नाही. पण तेच पाणी पायाखालच्या फळ्यांवर आलं की त्याला होडीची सगळी रुंदी मिळते. होडी डावीकडे कलली की पाणी डावीकडे धावतं आणि तिला आणखी कलवतं. परातीत पाणी घेऊन चालून पाहा, म्हणजे हा प्रकार कळेल. या मोकळ्या पाण्याचा उपद्रव रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. रुंदी दुप्पट झाली की उपद्रव आठपट. त्यामुळे फळ्यांच्या खाली असताना जे पाणी निरुपद्रवी होतं, ते चार बोटं वर आल्यावर अचानक जिवावर उठतं. म्हणूनच पाणी फळ्यांखाली असतानाच कळायला हवं, आणि फळ्या उचलता येत नसतील तर ते कळायला मार्ग नाही.

पंपाच्या मर्यादा

प्राचीन ग्रीकांनी 'सिराक्युसिया' नावाचं एक प्रचंड जहाज बांधलं होतं. त्याचा तळ खूप खोल असूनही आर्किमिडीजनं शोधलेल्या स्क्रूच्या मदतीनं एकटा माणूस तो उपसू शके, असं अथेनेउस लिहितो. पंपाचं कौतुक असं दोन हजार वर्षांहून जुनं आहे. मीही पंपाच्या विरोधात नाही. पण त्याचे स्वभाव माहीत हवेत.

पंपावर छापलेली क्षमता ही पाणी वर न उचलता मिळणारी असते. दोन मीटर उंची, नळीची वळणं आणि अर्धवट उतरलेली बॅटरी मिळून ती निम्म्यावर येऊ शकते. पाणी चढल्यावर पंप आपोआप चालू करणारा तरंगता खटका गाळात अडकून बसतो. पंपाची बाहेर जाणारी नळी पाण्याच्या पातळीजवळ उघडत असेल आणि तिला आत उंच वळसा दिलेला नसेल, तर बोट भारानं खाली बसल्यावर समुद्राचंच पाणी त्या नळीतून उलटं आत येतं. पाणी काढायला बसवलेल्या नळीनं बोट बुडते, ही थट्टा नाही. आणि विजेच्या तारांचे सांधे तळातल्या खाऱ्या पाण्यात बुडलेले असले, तर गळणारा प्रवाह धातूचे बोल्ट आणि नळ खाऊन टाकतो.

म्हणून पंप दोन हवेत. एक लहान, सगळ्यात खाली, रोजच्या पाण्यासाठी. दुसरा मोठा, थोडा वर, आणि तो सुरू झाला की सुकाणूजवळ दिवा किंवा भोंगा लागेल असा. शिवाय डेकवरून चालणारा एक हातपंप, कारण तो बॅटरी मागत नाही.

गोड्या पाण्याचा वैरी

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. समुद्राचं पाणी लाकडाला आपण समजतो तितकं मारक नसतं. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही. तिला हवं असतं गोडं पाणी आणि कोंदट हवा. पावसाचं पाणी गोडं, बर्फाचं पाणीही गोडं. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी वाढत नाही. पण फायबरच्या थराखाली अडकलेलं पाणी लाकूड सुकूच देत नाही. आपले जुने लोक पावसाळ्यात होड्या ओढून झापांनी शाकारत असत, ते लाकूड वाचवण्यासाठीच. झापांतून वारा खेळायचा. आता आपण प्लॅस्टिकचा कागद घट्ट बांधतो. पाऊस बाहेर राहतो, पण घाम आत राहतो.

त्या पावसाळ्यात आम्ही काय केलं

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. बोट खाडीत ओढलेली होती. मामा सुरुवातीला राजी नव्हते. "चांगला खण फोडायचा? फायबरला किती पैसे गेलेत तुला माहीत नाय?" मला माहीत होतं, बिलं माझ्याच हातची होती. पण तांडेल मध्ये पडले. म्हणाले, "नाखवा, पोरगं पुन्हा उतरवायचं असेल तर राहू दे तसंच." त्यावर मामा गप्प झाले.

आधी इंजिनाच्या खोलीतल्या खिळे मारलेल्या फळ्या काढल्या. पाच घमेली गाळ निघाला. त्यात खवले, थर्माकोलचे मणी, जाळ्याचे तुकडे, विड्यांची थोटकं, एक चमचा आणि हरवला म्हणून नवा आणलेला एक पाना होता. दहा-बारा बरगड्यांपैकी निम्म्यांची तोंडं बुजलेली होती. एका ठिकाणी तर कुणीतरी डागडुजीत सिमेंट ओतून तोंडच बंद केलं होतं. मी उत्साहानं म्हटलं, सगळी तोंडं मोठी करू. मेस्त्रींनी करवत खाली ठेवली. "दादा, बरगडी कापायला सोपी हाय, जोडायला नाय. पाणी जायला हवं तेवढंच भोक." त्यांचं ऐकलं. पठाणालगत, खालच्या कडेला, सव्वा इंचाची अर्धगोल तोंडं मोकळी केली आणि कापलेल्या लाकडाला आतून राळेचे दोन हात दिले. त्यांतून नायलॉनची दोरी ओवली, तिला मध्ये मध्ये गाठी मारल्या आणि दोन्ही टोकं हाताशी बांधली.

फळ्या परत टाकताना एकही खिळा मारला नाही. प्रत्येक फळी एका माणसाला एका हातानं उचलता येईल एवढ्याच लांबीची केली आणि तिला दोरीचा फास ठेवला. खवळलेल्या समुद्रात ती उडू नये म्हणून फिरतं लाकडी बोंड बसवलं. इंजिनाखाली तेल झेलायला पत्र्याचं ताट ठेवलं. ते तेल डब्यात जमा करून किनाऱ्यावर आणायचं ठरलं. मोठ्या जहाजांना दहा लाख भागांत १५ भागांहून जास्त तेल असलेलं पाणी समुद्रात सोडता येत नाही, असा आंतरराष्ट्रीय करार आहे. आमची बोट त्यांच्यापुढे लहान, पण जिथे मासळी धरायची तिथेच तेल ओतायचं, हे लहान बोटीलाही शोभत नाही.

खणाचं काम जास्त नाजूक होतं. भिंतीतलं भोक बुजवलं. खणाच्या फरशीला मागच्या बाजूला उतार देऊन शेवटी एक लहान खड्डा केला आणि त्यात फायबर नीट वळवून घेतलं, म्हणजे पाणी लाकडात शिरणार नाही. खड्ड्यावर बरोबर वर डेकमध्ये हातभर व्यासाचं एक वेगळं झाकण बसवलं. पंपाची जाळी लांब दांड्याला जोडून त्या झाकणातून वर ओढता येईल अशी केली. आता जाळी साफ करायला कुणालाही खणात उतरावं लागत नाही. फरशीवर लाकडी जाळीदार पाट टाकले, त्यामुळे सर्वांत खालचा मासा स्वतःच्या पाण्यात पडून राहत नाही. पूर्वी तो थर लिलावात नेहमी पडत्या भावात जायचा. या पाटांचे पैसे सुटतात, हे मामांना समजावून सांगावं लागलं नाही.

आणि एक नियम झाकणाच्या आतल्या बाजूला रंगानं लिहिला. बंद राहिलेल्या खणात उतरण्याआधी दोन्ही झाकणं उघडायची, पंख्यानं हवा खेळवायची, उतरणाऱ्याच्या कमरेला दोरी बांधायची, वर दोघांनी उभं राहायचं. आणि खालचा माणूस कोसळला तर कुणीही मागून उडी मारायची नाही. तो पोरगा त्या दिवशी वाचला तो नशिबानं. झाकणापासून दोन हात आत असता तर आकडी पोचली नसती.

शेवटी

या सगळ्याला पैसे लागले, पण नवा मोठा पंप घेण्याहून फार जास्त नाही. लागला तो मुख्यतः वेळ, आणि तळ उघडून पाहण्याची तयारी. मी इतर नाखव्यांना सांगतो तेव्हा पहिला प्रश्न 'पंप कुठला घेतलात?' हाच असतो. मी म्हणतो, पंपाचं मागाहून बघू. आधी तुमच्या बोटीत अशी जागा दाखवा जिथे तुमचा हात पोचत नाही. बहुतेक बोटींत ती जागा निघते. बोट कुजायला सुरुवात तिथून होते, पाणी साचतं ते तिथे, आणि माणूस उतरवला जातो तोही तिथेच.

ऑगस्टात बोट पाण्यात गेली. नारळी पौर्णिमेला मामांनी नारळ सोडला. दुसऱ्या दिवशी मी बर्फाचा हिशेब घेऊन बोटीवर गेलो, तर तोच खलाशी इंजिनाच्या खोलीत एक फळी उचलून गाठींची दोरी पुढे-मागे ओढत होता. मला पाहून म्हणाला, "दादा, आज पाणी कालच्यापेक्षा जास्त हाय. शाफ्टचं पॅकिंग बघायला सांगतो." किती पाणी आहे, कुठून येतं आहे आणि कुणाला सांगायचं, हे तिन्ही त्याला वरूनच कळलं होतं.